कार्डावरचा कोड आधी तपासा

बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट) कार्ड दोन वर्षांनी संपतं. नव्या रुग्णालयात रुजू होण्याआधी मला ते नव्याने हवं होतं, म्हणून पदरचे पैसे भरले आणि नाईटनंतरचा ऑफ घालवून त्यासाठीच्या एका कार्यशाळेला गेले. अमेरिकन हार्ट असोसिएशनचंच कार्ड मिळेल ना, हे मी आधी विचारलं होतं. ‘हो सिस्टर, तेच,’ हा आयोजकांचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. तेव्हा ‘चौकशी करायला हवी होती’ असं मला कुणी सांगू नये.

हॉल गच्च भरलेला आणि टेबलावर डमी एकच. दुपारी रांग लावून प्रत्येकीकडून छातीवर दहा-बारा दाब देऊन घेतले, त्यातच फोटो काढले. बॅग-मास्कने श्वास द्यायला कधी शिकवणार, असं विचारलं तर प्रशिक्षक सर म्हणाले, ‘तुम्ही सीनियर, तुम्हाला काय शिकवायचं?’ लेखी परीक्षेची उत्तरं तर त्यांनीच वाचून दाखवली.

रुजू होण्याच्या दिवशी एचआरमधल्या मुलीने कार्डावरचा कोड असोसिएशनच्या वेबसाइटवर टाकला. नोंद सापडेना. तिने पुन्हा टाकला, मग कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि नंतर माझ्याकडे बघायचंच टाळलं. आयुष्यभर स्वच्छ नोकरी केली आणि त्या टेबलासमोर मी खोटी कागदपत्रं आणणारी ठरले. ते अजून विसरता येत नाही. सरांना फोन केला. आधी ‘सर्व्हर डाउन आहे’, मग ‘आमचं कार्ड सगळीकडे चालतं’, आणि त्यानंतर फोन उचलणंच बंद. पैसे आजतागायत परत आलेले नाहीत.

म्हणून सांगते. पैसे भरण्याआधी ट्रेनिंग सेंटरचं नाव आणि प्रशिक्षकाचा क्रमांक लेखी मागा, आणि त्या सेंटरलाच फोन करून खात्री करा. तीन जणींमागे एक डमी, सहा जणींमागे एक प्रशिक्षक हवा. तिथे पोचल्यावर तसं दिसलं नाही तर सही न करता परत या. मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे स्लाइड बघून हातात उतरत नाही. शेजारी उभं राहून चूक दाखवणारं कुणीतरी लागतं. नुसत्या ऑनलाइन कोर्सवर हे कार्ड मिळत नाही, प्रात्यक्षिक परीक्षा द्यावीच लागते. ईकार्ड (डिजिटल कार्ड) आलं की त्याच दिवशी स्वतः कोड तपासा. पावती जपून ठेवा. नर्सिंग नोंदणीच्या नूतनीकरणासाठी प्रशिक्षणाचे तास मोजले जाणार असतील, तर राज्य नर्सिंग परिषदेचं मान्यतापत्र त्याच कार्यक्रमाचं आणि त्याच तारखेचं आहे ना, हे डोळ्यांनी बघा.

आणि मेट्रन मॅडमना, व्यवस्थापनाला विनंती: हे प्रशिक्षण ड्युटीच्या वेळेत आणि रुग्णालयाच्या खर्चाने द्या. आमच्या ऑफवर आणि पगारावर ते ढकललं जातं, म्हणूनच असले हॉल भरतात.