उद्याचे काम आणि कालचे ऋण

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या पेठेत शिरले, त्यानंतरच्या महिन्यांत दवाखान्यात येणाऱ्या पुष्कळांची तक्रार एकच असे : झोप लागत नाही, छातीत धडधडते, अन्नावरची वासना उडाली आहे. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख हे सारे तपासूनही ज्यांच्या शरीरात दोष आढळला नाही, त्यांत एक वयोवृद्ध दुकानदार होते. मालासकट अनेक वर्षांच्या कीर्द-खतावण्या गाळात गेल्यावर ‘आता सकाळी उठून करायचे काय?’ हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला माझ्याजवळ गोळी नव्हती.

मी त्यांना एक कोरी वही करावयास सांगितले. निजण्यापूर्वी तीत दोनच नोंदी : उद्या हातून पुरे होईल असे एक काम, आणि ज्याचे आपण ऋणी आहोत अशा एका माणसाचे नाव, कारणासह. काम लहानच असावे, असा माझा आग्रह होता. ‘दुकान पुन्हा उभे करीन’ हा संकल्प थकलेल्या मनावर धोंड्यासारखा बसतो, ‘उद्या एक फळी घासून उन्हात ठेवीन’ हे मात्र साधते, आणि साधलेले काम पुढच्या कामाची उमेद देते. कृतज्ञतेतही मोघमपणा उपयोगी नाही. ज्या शेजाऱ्याने आपल्याला माळ्यावर ओढून घेतले त्याचे नाव लिहावे, आणि जमल्यास त्याच्या घरी जाऊन तसे बोलून दाखवावे. एमन्स व मॅकक्लो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कृतज्ञतेच्या नोंदी करणाऱ्यांना आपले आयुष्य, केवळ कटकटी टिपणाऱ्यांच्या मानाने, अधिक समाधानाचे वाटले होते.

उद्याच्या कामाचे म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यातील महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापिले ते १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी. समता संघ काढला तो १९४४ साली. १०४ वर्षांचे आयुष्य त्यांना ध्येयामुळेच लाभले, असे म्हणण्यास वैद्यकाचा आधार नाही. पण त्या वयातही त्यांच्यापुढे उद्याचे काम होते, याचे मला फार अप्रूप वाटते.

एक मात्र कळकळीने सांगतो. ज्याच्या घरचे माणूस गेले आहे, त्याला ‘जे उरले त्याचे समाधान माना’ असा उपदेश करणे निर्दयपणाचे आहे. त्याच्याजवळ नुसते बसावे. वही लिहू लागलो म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आणि उदासी वा निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकला, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच दिवशी, घरच्या कोणाला तरी सोबत घेऊन, डॉक्टरांकडे यावे.