‘इनॲडव्हर्टंटली’ : अर्थ आणि उपयोग



इंग्रजीतून अर्ज लिहिताना ‘इनॲडव्हर्टंटली’ हा शब्द पुष्कळदा वापरला जातो. शब्द भारदस्त आहे, नम्रही वाटतो. परंतु त्याचा नेमका अर्थ ठाऊक नसेल तर तो आपल्याच अंगावर येतो. म्हणून येथे आम्ही त्याचा थोडक्यात विचार करीत आहोत.

अर्थ : हे क्रियाविशेषण आहे. लॅटिनमध्ये ‘ॲडव्हर्टेरे’ म्हणजे एखाद्या गोष्टीकडे वळविणे. ‘इन’ हा नकारार्थी उपसर्ग. लक्ष तिकडे वळले नाही म्हणून, हेतू नसताना घडलेली कृती या शब्दाने दाखविली जाते. मराठीतील ‘अनवधानाने’ हा शब्दही असाच घडला आहे. अवधान म्हणजे लक्ष. ‘ॲडव्हर्टाइजमेंट’ हा शब्दही त्याच मुळाचा. जाहिरात लक्ष वेधते. येथे लक्षच नसते!

वाक्यातील स्थान : हा शब्द बहुधा मुख्य क्रियापदाच्या आधी येतो. ‘आय इनॲडव्हर्टंटली लेफ्ट द कॉलम ब्लँक.’ म्हणजे, तो रकाना माझ्याकडून अनवधानाने कोरा राहिला. सहायक क्रियापद असल्यास त्याच्यानंतर लिहावा : ‘द नेम वॉज इनॲडव्हर्टंटली ओमिटेड.’ स्पेलिंगमध्ये ‘टी’नंतर ‘ई-एन-टी’ येते. तेथे ‘ए-एन-टी’ लिहिणे ही नेहमीची चूक आहे.

जवळचे शब्द :
१) ॲक्सिडेंटली – अपघाताने. लक्ष असूनही कप हातातून निसटू शकतो.
२) बाय मिस्टेक – चुकीने. दुसऱ्याची छत्री आपलीच समजून नेली.
३) अननोइंगली – नकळत. नोट खोटी आहे हे माहीतच नव्हते आणि ती दुकानदाराला दिली.
४) स्पॉन्टेनियसली – उत्स्फूर्तपणे. आधी ठरविलेले नसते, पण चूकही नसते. सभेत एकाएकी टाळ्या पडतात, तशी.

सावधगिरी : आमच्या परिचयातील एका विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडला होता. तो कार्यालयात गहाळ झाला. दुसरा दाखला देताना त्याने नम्रपणे लिहिले, “आय इनॲडव्हर्टंटली डिड नॉट अटॅच द सर्टिफिकेट.” झाले! दाखला आपणच जोडला नव्हता, अशी लेखी कबुली त्याने दिली आणि उशिराचा दोष त्याच्या माथी आला. ‘आय हॅड अटॅच्ड द सर्टिफिकेट; आय ॲम सबमिटिंग अनदर कॉपी’ एवढे लिहिले असते तर नम्रताही राहिली असती आणि सत्यही.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. जाणूनबुजून केलेल्या गोष्टीला हा शब्द लावणे म्हणजे खोटे बोलणे होय. चूक आपली असेल तर हा शब्द जरूर लिहावा. दुसऱ्याची असेल तर केवळ सौजन्य म्हणून ती स्वतःवर ओढवून घेऊ नये.

स्वाध्याय : पुढील वाक्यांत हा शब्द चालेल काय?
१) बोलण्याच्या नादात माझ्याकडून दिवा चालूच राहिला.
२) विचार करून मी अर्ज मागे घेतला.
३) पाहुण्यांचे भाषण ऐकून श्रोते आपणहून उभे राहिले.

उत्तरे : पहिल्यात चालेल. दुसऱ्यात हेतू आहे, म्हणून नाही. तिसऱ्यात ‘स्पॉन्टेनियसली’ योग्य.

सही करण्यापूर्वी अर्जातला प्रत्येक शब्द असाच तपासून पाहावा, एवढीच आमची विनंती.