जीन्स फाडा, पण बेताने

प्रश्न : घरी जीन्स फाडली की नुसतं भोक पडतं. दुकानातल्यासारखे पांढरे दोरे का राहत नाहीत?

उत्तर : कात्री उभी चालली की आडवे दोरेच तुटतात. डेनिमचे उभे धागे निळे, आडवे पांढरे. म्हणून गुडघ्यावर दोन बोटांच्या अंतराने दोन आडवे छेद द्यावेत आणि मधले निळे धागे भुवयांच्या चिमट्याने एकेक उपसावेत. काम चिकाटीचं, पण पांढरी जाळी शाबूत राहते. स्ट्रेच जीन्स मात्र नकोच. तिचे लवचीक आडवे दोरे लोंबतात.

फिका रंग हवा? सँडपेपर पुरतो, कारण नीळ धाग्याच्या वरवरच बसते.

कारखान्यांत यासाठी वाळूचा फवारा मारत. त्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार झाला, तेव्हा तुर्कस्तानने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली. घरच्या घासकामात वाळू नसते, तरी तोंडाला मास्क हवाच.