पुढचे पेन कोणते घ्यावे?

आमच्या धानपट्ट्यात विळा घेताना माणूस त्याची धार पाहतो, मूठ हातात धरून पाहतो, मगच पैसे देतो. पेन मात्र आपण रंग आणि टोपणाची चकाकी पाहून घेतो. विद्यार्थ्याचे हत्यार पेन हेच आहे, तेव्हा तेही पारखूनच घ्यायला हवे.

माझ्या जुन्या फाउंटन पेनाची निब आता कागद खरवडते. परीक्षेपूर्वी नवे घ्यायचे आहे आणि त्यासाठी तीनशे रुपये आहेत. हे पैसे मायच्या तेंदूपत्त्याच्या मजुरीतले आहेत. ७० पानांचा एक पुडा, असे पुडे भर उन्हाळ्यात बांधावे तेव्हा ही रक्कम उभी राहते. म्हणून हा विषय थोडा अभ्यासून पाहिला.

पूर्वपीठिका : आपल्याकडे आधी बोरू होता, नंतर टाक आला. दोन्ही वेळोवेळी दौतीत बुडवावे लागत. शाई पोटातच बाळगणाऱ्या पेनाला व्यवहारात स्थिर केले ते अमेरिकेतील वॉटरमन यांनी. त्यांचे पेटंट १८८४ चे. महाराष्ट्रात दि. प. दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत शाईचा उद्योग सुरू केला. तोच पुढे ‘कॅम्लिन’ म्हणून घरोघरी पोहोचला. १९३५ साली राजमहेंद्रीच्या रत्नम यांचे स्वदेशी पेन गांधीजींना मिळाले आणि त्यांनी पत्र लिहून पसंती कळवली. पुढे बॉलपेन आले आणि वर्गातून दौत गेली.

पेन चालते कसे : निबेच्या मधोमध बारीक चीर असते आणि खाली जीभ. केशाकर्षणाने शाई जिभेच्या खाचेतून चिरेत व तिथून कागदावर उतरते. जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा आत येते. त्यामुळे लिहिताना दाब द्यावा लागत नाही. बॉलपेनची गोळी फिरवायला दाब लागतो. तीन तासांच्या पेपरात बोटे दुखतात ती बरीचशी यामुळेच.

पारख कशी करावी : पहिली गोष्ट निब. देवनागरीत जोडाक्षरे, मात्रा, अनुस्वार यांची दाटी असते. जाड निबेने ‘ध’ आणि ‘थ’ यांच्या गाठी भरून जातात, परीक्षकाला अक्षर लागत नाही. म्हणून बारीक निब बरी. सोन्याची निब मऊ व महाग, पोलादी निब ताठ व स्वस्त.

दुसरी गोष्ट शाई भरण्याची सोय. तयार कांडीचे पेन सोयीचे, पण कांडी वारंवार विकत घ्यावी लागते. पंपाच्या नळीत साधारण अर्धा ते एक मिलिलिटर शाई मावते. ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायच्या पेनात दोन-तीन मिलिलिटर मावते आणि बिघडायला आत यंत्र नसते. त्याचा दोष एकच. शाई संपत आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर ठिपका पडतो. पेपरच्या सकाळी पेन पूर्ण भरले, की आत फुगायला हवाच उरत नाही.

तिसरी गोष्ट कागद. भुसभुशीत कागदावर शाई फुटते. तेव्हा दुकानात चकचकीत पुठ्ठ्यावर रेघा ओढून पाहू नये. जुन्या उत्तरपत्रिकेसारखा कागद सोबत न्यावा आणि त्यावर ‘श्रद्धा’, ‘संघर्ष’ असे शब्द लिहून पाहावेत.

बॉलपेन अगदी टाकून द्यावे असेही नाही. साधी निळी शाई पाण्याने पसरते, आणि आपल्याकडचा पावसाळा सर्वांना माहीत आहे. फॉर्म, पावत्या, कार्बन लावलेले कागद यांसाठी बॉलपेनच योग्य.

माझा निर्णय : आपले पेन दुसऱ्याच्या हाती देऊ नये, निब बिघडते, असे म्हणतात. पण आमच्या घरात पेन एकच असणार. बाबा सही करतात. माय अजून अंगठा लावते. मी कॉलेजात जाऊ लागल्यापासून तिला स्वतःचे नाव लिहायचे आहे. नवा हात पेन घट्ट धरतो, दाबून लिहितो. मऊ निब त्यात वाकेल, पोलादी निब बरेच सोसेल. तिच्या टोकाला कठीण धातूचा मणी असतो, तो चार दिवसांत झिजत नाही.

म्हणून माझी निवड अशी : साधे प्लॅस्टिकचे, ड्रॉपरने शाई भरायचे, फिरकीच्या टोपणाचे, बारीक पोलादी निबेचे पेन. उरलेल्या पैशांत शाईची बाटली येईल. आठवड्यातून एकदा निब साध्या पाण्याने धुवायची, एवढीच निगा.

मित्रहो, तुमची गरज वेगळी असेल, तर निवडही वेगळी असेल. परंतु पेन घेण्यापूर्वी आपण काय लिहिणार, कशावर लिहिणार आणि घरात आणखी कोण लिहिणार, हे तीन प्रश्न स्वतःला जरूर विचारावेत. किंमत त्यानंतर पाहावी.