सतरा अंकांची एक संख्या

पाटीवर १ हा अंक नऊ वेळां ओळीनें लिहा आणि त्या संख्येस तिनेंच गुणा. उत्तर येईल तें असें: १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढावें व त्याच पायऱ्यांनीं उतरावें, अशी ही संख्या डावीकडून वाचा कीं उजवीकडून, सारखीच. सोलापुरी चादरीचे दोन्ही कांठ जुळावेत तसेंच हें! भास्कराचार्यांच्या लीलावतींत जीं स्थानें सांगितलीं आहेत त्यांप्रमाणें हिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानीं पडतो. परार्धास एकच स्थान उणें.

असें कां व्हावें? गुणाकार मांडून पाहा. नऊ एकांच्या नऊ ओळी होतात आणि प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते. अगदीं उजव्या घराखालीं एकच अंक, त्याच्या शेजारीं दोन, असें करतां करतां मधल्या घरांत नऊ, आणि पुढें पुनः उतार. कोणत्याही घराची बेरीज नवाच्या वर जात नाहीं, म्हणून हातचा राहत नाहीं. हातचा नाहीं म्हणून मांडणींतील ८१ एक उत्तरांत जसेच्या तसे उतरतात, आणि उत्तराच्या अंकांची बेरीज बरोबर ८१ भरते.

अशा संख्यांस 'डेम्लो संख्या' हें नांव कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनीं दिलें. आपल्या सोलापुरावरून ज्या जी. आय. पी. रेल्वेच्या गाड्या धांवत असत, तिच्याच मुंबईकडील डेम्लो, म्हणजे हल्लींच्या डोंबिवली, स्थानकावर ही कल्पना त्यांस सुचली. कापरेकर १९०५ सालीं डहाणूस जन्मले आणि १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांस लाभलें नव्हतें. त्यांचें काम म्हणजे आंकड्यांचा निरर्थक खेळ, असें म्हणून कित्येक विद्वानांनीं त्याची उपेक्षा केली. पुढें १९७५ सालीं अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां जगाचें लक्ष इकडे गेलें. हा खेळ खरोखर निरर्थक आहे काय, हें वाचकांनीं पुढील हिशेबावरून ठरवावें.

ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो, तिला कापरेकर 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी, म्हणत. आपली संख्या हर्षद आहे काय? भागाकार करीत बसण्याचें कारण नाहीं. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून १११११११११ ला नवानें भाग जातो. अर्थात् तिच्या वर्गास ८१ नें जाणारच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. एकापासून नऊ एकांपर्यंतच्या नऊ वर्गांत हा गुण केवळ एक, तीन व नऊ एकांच्या वर्गांतच आहे.

आतां दहा एक घ्या. मधल्या घरांत दहा जमतात, हातचा येतो, शेजारच्या नवाचेही दहा होतात आणि सारी शोभा बिघडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढतीचा आठ कोठें गेला पाहा! मांडणींत एक होते १००. प्रत्येक हातच्यास दहांच्या जागीं एक लिहिला जातो, म्हणजे नऊ बुडतात. हातचे दोन, म्हणून १०० तून १८ गेले, उरले ८२. अंकांची बेरीज करून पाहा, तितकीच येईल. पण ८२ सम आणि संख्या विषम, तेव्हां ही हर्षद नव्हे.

अकरा एकांचा वर्ग घरीं करून पाहावा. हातचे चार येतील. अंकांची बेरीज किती, हें गुणाकार करण्यापूर्वींच सांगतां आलें पाहिजे.