विसार देण्याआधी

“सरकार अडीच लाख देतंय, आजच बुकिंग करून टाका,” असं बिल्डरच्या साइटवर कुणी म्हणालं की लगेच चेकबुक काढू नका. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 2.0 खरी आहे. 1 सप्टेंबर 2024 पासून पाच वर्षांसाठी ती चालू आहे आणि पहिलं घर घेणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला तिचा मोठा आधार होतो. पण पैसा कोणत्या वाटेने आणि केव्हा येतो, हे समजून घेतल्याशिवाय दिलेला विसार अडकून पडतो.

सुरुवात पात्रतेपासून करा. योजनेच्या हिशेबी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. यांच्यापैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको आणि गेल्या 20 वर्षांत सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. वडिलांच्या पश्चात गावच्या घराला तुमचं नाव लागलं असेल, तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 आधी काढून बघा. वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल तर आर्थिक दुर्बल घटक, 6 लाखांपर्यंत अल्प उत्पन्न गट आणि 9 लाखांपर्यंत मध्यम गट.

मग वाट ठरवा. अडीच लाख, म्हणजे केंद्राचे दीड आणि राज्याचा एक, हे दुर्बल घटकासाठी आहेत. स्वतःच्या जागेवर घर बांधायचं असेल किंवा योजनेत मंजूर झालेल्या प्रकल्पात सदनिका घ्यायची असेल, तरच ते मिळतात. प्रकल्पात ही रक्कम तुमच्या हातात येत नाही, घराची किंमत तेवढी उतरते. बाजारातला फ्लॅट घेणाऱ्याला व्याज अनुदानाची वाट आहे. घर 35 लाखांपर्यंतचं, कर्ज 25 लाखांपर्यंतचं. त्यातल्या पहिल्या 8 लाखांवर, जास्तीत जास्त 12 वर्षांच्या मुदतीसाठी, 4 टक्के अनुदान मिळतं. ते सगळं मिळून जास्तीत जास्त 1.80 लाख होतं आणि पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतं. म्हणजे घर घेताना भरायची पहिली रक्कम तुम्हालाच उभी करायची आहे.

ती किती, याचा हिशेब कागदावर मांडा. पुणे महापालिका हद्दीतला, बांधकाम चालू असलेला 20 लाखांचा फ्लॅट धरू. बँक जास्तीत जास्त 90 टक्के, म्हणजे 18 लाख देईल. तुमचे 2 लाख. मुद्रांक शुल्क 7 टक्के, 1.40 लाख. नोंदणी 20 हजार, जीएसटी 1 टक्का म्हणजे आणखी 20 हजार. एकूण 3.80 लाख. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात 1 टक्का सूट मिळते, इथे सरळ 20 हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की ही सूट गेली. तो सहकर्जदार राहू शकतो. माझं मत विचाराल तर घर बाईच्याच नावावर करा, आणि ते फक्त या 20 हजारांसाठी नव्हे.

कागद जमवताना घाई नको. घरातल्या प्रत्येकाचं आधार, बँक पासबुक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा पगारपत्रकं, असेल तर जातीचा दाखला. आमच्या शेजारच्या पोळ्या करणाऱ्या मावशी अशीच गच्च भरलेली पिशवी घेऊन आल्या होत्या. सगळे कागद जागच्या जागी होते. अर्ज भरायला बसलो तर ओटीपी येईना. आधारला जोडलेला नंबर जुना, ते सिम कधीच बंद झालेलं. शिवाय पॅनवर त्यांच्या नावात एक अक्षर जास्त. दोन्ही दुरुस्त होईपर्यंत त्यांच्या कामाचे किती दिवस बुडाले! आधी नंबर तपासा, मग आधार आणि पॅन शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळवा.

अर्ज योजनेच्या संकेतस्थळावर स्वतः करता येतो. जमत नसेल तर नगरपालिकेत किंवा सामायिक सुविधा केंद्रात जा. अर्ज क्रमांकाची छापील प्रत फाईलला लावा. कर्ज घेण्याआधीच बँकेला विचारा, या योजनेचं व्याज अनुदान तुमच्या शाखेतून मिळतं का.

आता विसार. महारेराचा नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला कायद्याने मनाई आहे. जे द्याल ते चेकने द्या आणि पावती घ्या.

घर मिळाल्यावरही फाईल बांधून ठेवू नका. दरवर्षी कर्जखात्याचा उतारा काढून अनुदानाचा हप्ता जमा झाला का ते बघा. अनुदान सुटताना कर्ज चालू असावं लागतं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल शिल्लक असावी लागते. म्हणून मधेच चार पैसे हाती आले आणि कर्ज फेडून टाकावंसं वाटलं, तर आधी अनुदानाचे किती हप्ते यायचे आहेत ते मोजा.