डॉल्फिन एकमेकांशी कसे बोलतात? (इयत्ता पाचवीच्या वर्गातला एक पाठ)



आर्वीच्या मुलांना समुद्रातला प्राणी शिकवायचा म्हणजे जरा पंचाईतच असते. आपल्याकडे पाणी म्हणजे वर्धा नदी, नाहीतर धनोडीचं धरण. माझ्या वर्गात समुद्र पाहिलेला एकच मुलगा निघाला, तोही मुंबईला मामाकडे गेला होता म्हणून. पण डॉल्फिनचं चित्र फळ्यावर लावलं आणि प्रश्नांचा पाऊस सुरू झाला. पहिलाच प्रश्न होता, "सर, आपल्या नदीत हायेत का जी हे?"

नाहीत. पण उत्तर तिथेच थांबवू नका, नकाशा काढा. आपली वर्धा पुढे वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात जाते. त्या समुद्रात डॉल्फिन आहेत. महाराष्ट्रात बघायचे असतील तर कोकणात जावं लागतं. दापोली, गुहागर, मालवण, तारकर्ली या किनाऱ्यांवर कुबड असलेला डॉल्फिन दिसतो. पाठीवरच्या परामागे नव्हे, तर पराखालीच उंचवटा असतो, म्हणून तो 'कुबडा'. गंगेतला डॉल्फिन वेगळा. तो २००९ पासून आपला राष्ट्रीय जलचर आहे, आणि त्याला जवळजवळ दिसतच नाही. गढूळ पाण्यात तो आवाजाच्या भरवशावरच जगतो.

आधी एक चूक दुरुस्त करून घ्या. आपण सगळेच 'डॉल्फिन मासा' म्हणतो. तो मासा नाही. तो फुफ्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. नाक डोक्यावर असतं, एका छिद्रासारखं.

तोंड न उघडता बोलणे

दुसरा प्रश्न एका मुलीचा होता. "सर, पाण्यात बोलाले तोंड उघडलं तं पानी नाई घुसत काय?" मला वाटतं पुढचा सगळा पाठ या एका प्रश्नावर उभा करता येतो.

डॉल्फिन तोंडाने बोलतच नाही. आपल्या गळ्यात स्वरतंतू असतात तसे तो वापरत नाही. डोक्यावरच्या छिद्राखाली, नाकाच्या वाटेत त्याला ओठांसारख्या मांसल घड्या असतात. त्यांच्यामधून हवा ढकलली की त्या थरथरतात आणि आवाज होतो. ती हवा बाहेर सोडायचीही गरज नसते, आतल्या पिशव्यांमध्ये साठवून पुन्हा वापरता येते. वर्गात हे दाखवायला एक फुगा पुरतो. फुगा फुगवा, त्याचं तोंड दोन्ही हातांनी ताणा आणि हवा हळूहळू सोडा. चीं... असा आवाज येतो. कमी-जास्त ताणलं की आवाज बदलतो. मुलं हसून लोळतात, पण पाठ पक्का होतो.

डॉल्फिनच्या कपाळात चरबीचा एक मोठा गोळा असतो. आवाज त्यातून समोर एका दिशेला जातो, टॉर्चचा झोत जातो तसा. आणि ऐकायचं? बाहेरून दिसणारे कानच नाहीत. आवाज मुख्यतः खालच्या जबड्यातून आत जातो. तिथल्या चरबीतून तो आतल्या कानापर्यंत पोहोचतो.

जबड्याने ऐकणं मुलांना पटेना. म्हणून बाकावरचा जुना प्रयोग केला. बाकाच्या एका टोकाला एकाने नखाने हळूच खरवडायचं, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याने कान लावून बसायचं. हवेतून जो आवाज कळतही नाही, तो लाकडातून स्पष्ट येतो.

इथे एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वर्गात एक मुलगा आहे, शेवटच्या बाकावरचा. हाक मारली तर बघत नाही, श्रुतलेखनात अर्धे शब्द गाळतो. मी त्याला वर्षभर 'लक्ष नसलेला' समजत होतो, चार वेळा रागावलोही होतो. त्याने बाकाला डोकं टेकवलं आणि एकदम उठून म्हणाला, "सर, हे तं लय जोरात येऊन राह्यलं!" बाकीच्यांना बारीक वाटणारा आवाज त्याला 'लय जोरात' का वाटावा? संध्याकाळी त्याच्या वडिलांशी बोललो. आठवडाभरात डॉक्टरांना दाखवलं, तर दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. सर्दी अंगावर काढल्याने असं होऊ शकतं, आणि अशा वेळी हवेतून येणारा आवाज अडतो, पण हाडातून येणारा पोहोचतो. औषध सुरू आहे. तो आता पहिल्या बाकावर बसतो. बाकाचा प्रयोग म्हणजे कानांची तपासणी नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. शंका आली तर डॉक्टरच गाठायचे.

शिट्टी म्हणजे नाव

डॉल्फिनचे आवाज ढोबळपणे दोन तऱ्हेचे. एक टिकटिक. ती इतक्या वेगाने होते की दार करकरल्यासारखं वाटतं. ही टिकटिक माशावर, खडकावर आपटून परत येते आणि त्यावरून समोर काय आहे, किती लांब आहे ते त्याला समजतं. आपलं वटवाघूळ अंधारात हेच करतं. माणसाला सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, बॉटलनोज जातीचा डॉल्फिन सुमारे १,५०,००० पर्यंत ऐकतो. चिडला, भांडायला उठला की त्याची टिकटिक फारच दाट होते.

दुसरा आवाज म्हणजे शिट्टी. खरी गंमत तिच्यात आहे. अमेरिकेत कॉल्डवेल दांपत्याने १९६५ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक बॉटलनोज डॉल्फिनची स्वतःची अशी एक वेगळी शिट्टी असते. पिल्लू ती जन्मतः घेऊन येत नाही. आजूबाजूचे आवाज ऐकत पहिल्या वर्षाच्या आसपास स्वतःची शिट्टी तयार करतं. म्हणजे बारसं त्याचं तोच करतो! पुढे २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी डॉल्फिनच्या शिट्ट्यांच्या नकला पाण्यात वाजवल्या. ज्याची शिट्टी, तोच उत्तर देई. इतरांच्या शिट्टीला तसा प्रतिसाद नव्हता. आपण रस्त्यात 'ए गणेश' अशी हाक ऐकली तर गणेशच वळून बघतो, तसंच हे.

त्याच वर्षी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बेली आणि ॲली नावाच्या दोन मादी डॉल्फिन लहानपणी फ्लोरिडात एकत्र होत्या, नंतर त्यांची ताटातूट झाली. वीस वर्षं सहा महिन्यांनी बेलीला ॲलीची शिट्टी ऐकवली, तर तिने ती ओळखली. हे सांगितल्यावर वर्गात शांतता पसरली. मग एक मुलगी म्हणाली, "माही मावशीबी आईले आवाजावरूनच ओळखते फोनवर."

फ्लोरिडातल्याच सारासोटा खाडीत १९ माद्यांचे आवाज तपासले गेले, ते २०२३ मध्ये छापून आले. पिल्लू जवळ असलं की आईची शिट्टी अधिक उंच पट्टीत जाते आणि तिचा चढउतार वाढतो. आपल्या आज्या बाळाला घेतल्यावर 'अले माझं शोनं' करतात की नाही?

आर्वीकरांसाठी एक घरचं उदाहरण. पुलगाव-आर्वी छोटी रेल्वे आता बंद आहे, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला सांगा, तिची शिट्टी कशी होती. हा मार्ग सुमारे ३५ किलोमीटरचा. आता गणित घाला: आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात १,५०० मीटर. आर्वीपासून पुलगावपर्यंत सगळं पाणीच असतं आणि आवाज मध्येच विरला नसता, तर शिट्टी तिथे किती सेकंदांत पोहोचली असती? पाण्यात सुमारे २३, हवेत सुमारे १०३. पाचवीची मुलं भागाकारात अडखळतात, पण हा भागाकार त्यांनी स्वतःहून केला.

शिट्टीशिवाय अंगानेही बोलणं चालतं. शेपूट पाण्यावर आपटणं, उडी मारणं, एकमेकांना परांनी घासणं, जोडीने एकाच लयीत पोहणं. हे मुलांकडून करवून घ्या, सांगत बसू नका.

डॉल्फिनची 'भाषा' पूर्ण उलगडली, असे व्हिडिओ मोबाईलवर फिरत असतात. पालकहो, त्यांवर विश्वास ठेवू नका. नावासारखी शिट्टी आहे हे पक्कं, पण आपल्यासारखी वाक्यं ते करतात असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

आणि सहलीला कोकणात गेलात तर? होडीवाल्याला डॉल्फिनच्या मागे धावायला लावू नका. कुबडा डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतो, जिथे होड्याही जास्त. इंजिनाच्या घरघरीत त्यांची एकमेकांना घातलेली साद बुडून जाते. ही जात जगभरात धोक्यात आलेली आहे. आपल्या देशात २०१३ पासून डॉल्फिनना कोंडून खेळ करायला परवानगी दिली जात नाही, हेही मुलांना सांगा, त्यांना आवडतं.

शेवटी खेळ. प्रत्येकाने स्वतःची एक शिट्टी किंवा तोंडाने काढायचा आवाज ठरवायचा. जोड्या लावायच्या, एक आई, एक पिल्लू. पिल्लांचे डोळे रुमालाने बांधायचे आणि मैदानात सगळ्या आयांनी एकदम आवाज काढायचे. आमच्याकडे पहिल्या फेरीत नुसता गोंधळ झाला, दोन पिल्लं कडुनिंबाला जाऊन धडकली. तिसऱ्या फेरीला बहुतेकांना आपापली आई सापडली. पहिल्या बाकावरचा आमचा मित्र जरा उशिरा पोहोचला, पण पोहोचला. त्याची 'आई' त्याला बघून आणखी जोरात शिट्टी मारत होती.